पोलीस आधुनिकीकरण योजना: तुमच्या ठाण्यात लष्करी धाटणीचे सामान कसे येते आणि त्याची माहिती कशी मागायची

बहुतेक सरकारी योजनांचा लाभ बँक खात्यात, शिधापत्रिकेवर किंवा घरकुलाच्या भिंतीत दिसतो. ही योजना तशी नाही. तिच्यासाठी तुम्हाला अर्ज करता येत नाही, कारण तिचा लाभार्थी राज्याचा पोलीस विभाग असतो. पण पैसा कराचा आहे, म्हणजे तुमचाही आहे. त्यातून घेतलेली रायफल, बिनतारी संच, कॅमेरा किंवा चिलखती गाडी शेवटी तुमच्याच तालुक्यात वापरली जाते. तालुक्याच्या ठाण्यासमोर एक दिवस जाड काचांची, उंच, लोखंडी गाडी उभी दिसते. ही लष्कराची की पोलिसांची, ती इथे कोणी मागवली आणि तिच्याऐवजी दुसरे काही घेता आले असते का, हे प्रश्न तुम्ही विचारू शकता. त्यांची उत्तरे कुठे मिळतात, ते या लेखात सांगितले आहे.

लष्कराने टाकून दिलेले सामान पोलिसांना मिळते का?

मोबाइलवर अमेरिकेतील पोलिसांचे व्हिडिओ फिरतात. लहान गावातले पोलीस, आणि त्यांच्याकडे युद्धभूमीवर चालणारी सुरुंगरोधक गाडी. तिथे हे एका कायदेशीर कार्यक्रमातून होते. १९९६ साली मंजूर झालेल्या संरक्षण कायद्याच्या १०३३व्या कलमावरून त्याला ‘१०३३ कार्यक्रम’ म्हणतात. लष्कराला नको असलेले सामान तिथल्या स्थानिक पोलिसांना फुकट मिळते. आणण्याचा आणि देखभालीचा खर्च मात्र त्यांनी करायचा. यात टेबल-खुर्च्या, कपडे, जनित्रे यांपासून रायफली आणि चिलखती गाड्यांपर्यंत सगळे येते. २०१४ साली फर्ग्युसन या लहान शहरात निदर्शकांसमोर अशा तयारीचे पोलीस उभे राहिले, तेव्हा देशभर वाद झाला. २०१७ साली तिथल्या सरकारी लेखापरीक्षकांनी एक गंमत केली. अस्तित्वातच नसलेल्या पोलीस संस्थेच्या नावाने त्यांनी अर्ज केला, आणि शंभराहून जास्त नियंत्रित वस्तू त्यांच्या हातात पडल्या. कागदाची तपासणी ढिली असली की काय होते, याचे हे उदाहरण आपल्यालाही उपयोगी आहे.

भारतात पोलीस आधुनिकीकरणाची पद्धत वेगळी आहे. केंद्र सरकार राज्याला निधी देते, राज्य आपला हिस्सा घालते आणि सामान नवे विकत घेतले जाते. आपली पद्धत खरेदीची आहे, वाटपाची नाही. शस्त्रे मुख्यतः सरकारी कारखान्यांतून येतात. पूर्वी हे कारखाने आयुध निर्माणी मंडळाखाली होते. १ ऑक्टोबर २०२१पासून त्यांच्या सात सरकारी कंपन्या झाल्या. दारूगोळा बनवणाऱ्या कंपनीचे मुख्यालय पुण्यात आहे, शस्त्रांच्या कंपनीचे कानपूरला आणि चिलखती वाहनांच्या कंपनीचे चेन्नईजवळ आवडी येथे.

तरीही ‘लष्कराचे जुने ते पोलिसांचे’ ही समजूत अगदी निराधार नाही. १९६२च्या युद्धानंतर लष्कराने .३०३ रायफल हळूहळू बाजूला केली आणि ७.६२ मिलिमीटरची स्वयंभरण रायफल, म्हणजे एसएलआर घेतली. पुढे १९९०च्या दशकात इन्सास आली. पोलिसांच्या खांद्यावर मात्र .३०३ कित्येक दशके राहिली. २६ नोव्हेंबर २००८च्या रात्री मुंबईत छत्रपती शिवाजी टर्मिनसवर स्वयंचलित बंदुका घेतलेल्या हल्लेखोरांसमोर पोलिसांच्या हातात हीच रायफल होती, काहींच्या हातात तर नुसती लाठी. त्याच रात्री गिरगाव चौपाटीवर सहायक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांनी नुसत्या हातांनी हल्लेखोराची बंदूक धरून ठेवली आणि प्राण दिले. उत्तर प्रदेश पोलिसांनी .३०३ला २०२०च्या प्रजासत्ताक दिनाच्या संचलनात निरोप दिला. आधुनिकीकरणाची मागणी कुठून आली, हे यावरून लक्षात येईल. पोलिसांना चांगली शस्त्रे नकोत, असे कोणी म्हणत नाही. कोणत्या ठाण्याला, कोणत्या कामासाठी आणि कशाच्या आधी, हा खरा प्रश्न असतो.

पैसा किती आणि कोणाचा?

राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीनुसार पोलीस आणि सार्वजनिक सुव्यवस्था हे राज्यांचे विषय आहेत. म्हणून पगार, नेमणुका, ठाणी हा सगळा भार राज्यांवर असतो. केंद्राची मदत त्याला पूरक असते. ती १९६९-७०पासून सुरू आहे. फेब्रुवारी २०२२मध्ये केंद्राने पोलीस दल आधुनिकीकरणाची छत्र योजना २०२१-२२ ते २०२५-२६ या पाच वर्षांसाठी चालू ठेवायला मंजुरी दिली. तिची एकूण तरतूद २६,२७५ कोटी रुपये.

हा आकडा वर्तमानपत्रात वाचून ‘आपल्या ठाण्याला किती’ असा हिशेब करू नका. त्यातले १८,८३९ कोटी जम्मू-काश्मीर, ईशान्येतील बंडखोरीग्रस्त राज्ये आणि नक्षलग्रस्त भागांतील सुरक्षाविषयक खर्चासाठी आहेत. राज्य पोलिसांच्या सर्वसाधारण आधुनिकीकरणाला ४,८४६ कोटी, म्हणजे एकूण रकमेच्या पाचव्या हिश्श्यापेक्षाही कमी. न्यायवैद्यक प्रयोगशाळांच्या सुधारणेला २,०८०.५० कोटी आणि अमली पदार्थ नियंत्रणासाठी राज्यांना ५० कोटी रुपये ठेवले होते.

सर्वसाधारण राज्यांत केंद्राचा वाटा ६० टक्के आणि राज्याचा ४०. ईशान्येकडील आणि हिमालयीन राज्यांत केंद्र ९० टक्के देते. महाराष्ट्र, गोवा, कर्नाटक, मध्य प्रदेश, तेलंगणा, गुजरात ही सगळी ६०:४० गटातली राज्ये आहेत. राज्याने आपला ४० टक्के हिस्सा वेळेवर घातला नाही, तर केंद्राचा पैसाही अडकतो.

काय घेता येते आणि काय नाही

नाव ऐकल्यावर डोळ्यांसमोर बंदुका येतात, पण यादी बरीच लांब आहे. शस्त्रे आहेतच. त्याशिवाय बिनतारी आणि इतर दळणवळण यंत्रणा, संगणक आणि सॉफ्टवेअर, प्रशिक्षणाची साधने, न्यायवैद्यक तपासणीची उपकरणे, कॅमेरे आणि पाळत यंत्रणा, वाहतूक नियंत्रणाची साधने हे सगळे याच शीर्षाखाली येते. पोलिसांच्या गाड्या आणि इमारती मात्र सर्वत्र घेता येत नाहीत. बांधकाम आणि कामाच्या गाड्यांची खरेदी ईशान्येतील बंडखोरीग्रस्त राज्ये आणि नक्षलग्रस्त जिल्ह्यांपुरती मान्य आहे. तुमचा जिल्हा त्यांत नसेल आणि ठाण्यात नवी गाडी आली असेल, तर ती बहुधा राज्याच्या स्वतःच्या निधीतून, जिल्हा नियोजनातून किंवा दुसऱ्या योजनेतून आलेली असते. माहिती मागताना हा फरक लक्षात ठेवा, नाहीतर ‘या योजनेतून अशी खरेदी झालेली नाही’ असे एका ओळीचे खरे उत्तर येते आणि तुम्ही रिकाम्या हाताने परतता.

एक उघड गोष्ट इथे सांगायला हवी. गावातल्या चोरीचा, मुलीच्या छेडछाडीचा, शेतातल्या हाणामारीचा तपास रायफलीने होत नाही. त्याला रक्ताचा नमुना नीट गोळा करणारा माणूस, तो नमुना वेळेत तपासणारी प्रयोगशाळा आणि चालणारा बिनतारी संच लागतो. नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७६नुसार सात वर्षे किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावे गोळा करायचे आहेत. राज्यांना त्याच्या अंमलासाठी मुदत दिली आहे. तेव्हा पुढच्या काही वर्षांत तुमच्या जिल्ह्याच्या मागणीत न्यायवैद्यक फिरती गाडी आणि तपासणी संच आहेत का, हे पाहणे रायफलींचा आकडा पाहण्यापेक्षा जास्त उपयोगाचे ठरेल.

वस्तू ठाण्यापर्यंत कशी येते?

ठाणेदार स्वतः काही विकत घेत नाही. ठाण्यांच्या गरजा जिल्हा पोलीस अधीक्षकांकडे जातात, तिथून राज्याच्या पोलीस मुख्यालयात. मुख्यालय सर्व जिल्ह्यांच्या मागण्या एकत्र करून ‘राज्य कृती आराखडा’ तयार करते. राज्यस्तरीय अधिकारप्राप्त समिती त्याला संमती देते आणि तो केंद्रीय गृह मंत्रालयाकडे जातो. तिथे मंजूर झाला की निधी हप्त्याने सुटतो, निविदा निघतात, सामान भांडारात येते आणि तिथून जिल्ह्याला वाटले जाते.

या साखळीत तुमच्या तालुक्याचा आवाज फक्त पहिल्या कडीत असतो, अधीक्षकांच्या मागणीपत्रात. त्यानंतर निर्णय वर होतात. म्हणून ग्रामसभेने, नगरपंचायतीने, महिला मंडळाने किंवा शांतता समितीने ‘आमच्या ठाण्यात अमुक नाही’ असे लेखी द्यायचे असेल, तर ते अधीक्षकांच्या नावाने द्यावे आणि पोच घ्यावी. असे पत्र बंधनकारक नसते. पण मागणीपत्र तयार होताना कागदावर असलेली गरज आणि चहाच्या टपरीवर बोललेली गरज यांत फरक पडतो.

साखळी अडते ती बहुतेक वेळा पैशाअभावी नाही, हिशेबाअभावी. आधीच्या हप्त्याचा विनियोग दाखला, म्हणजे रक्कम ठरल्या कामावर खर्च झाल्याचे प्रमाणपत्र दिल्याशिवाय पुढचा हप्ता मिळत नाही. भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक, म्हणजे कॅग, यांनी वेगवेगळ्या राज्यांतील या योजनेची तपासणी वेळोवेळी केली आहे. पडून राहिलेला निधी, उशिरा आलेली शस्त्रे, वापराविना ठेवलेली उपकरणे हे शेरे त्यांच्या अहवालांत पुन्हा पुन्हा आढळतात. हे अहवाल विधिमंडळात मांडले जातात, कॅगच्या संकेतस्थळावर खुले असतात आणि ते वाचायला कोणाची परवानगी लागत नाही. केंद्राचा पोलीस संशोधन व विकास विभाग (स्थापना १९७०) दरवर्षी ‘पोलीस संघटनांची आकडेवारी’ प्रसिद्ध करतो. कोणत्या राज्यात किती ठाण्यांना गाडी नाही, किती ठाण्यांना दूरध्वनी नाही, हेही त्यात दिलेले असते. आपल्या राज्याची ओळ तिथे शोधून पाहा.

चिलखती गाडी कोणाला लागते?

१ मे २०१९ रोजी गडचिरोली जिल्ह्यात कुरखेड्याजवळ जांभुरखेडा येथे नक्षलवाद्यांनी भूसुरुंगाचा स्फोट केला. त्यात १५ पोलीस आणि त्यांच्या गाडीचा चालक ठार झाले. ते साध्या खाजगी गाडीतून निघाले होते. अशा जिल्ह्यात सुरुंगरोधक गाडी, तटबंदी केलेले ठाणे आणि रात्री दिसणारी दुर्बीण यांना चैन म्हणता येत नाही. नक्षलग्रस्त भागांत केंद्राने पूर्वी ४०० तटबंद ठाणी मंजूर केली होती, ती याच कारणाने. सुरुंगरोधक गाडी म्हणजे कवचकुंडले नव्हेत. मोठ्या स्फोटात अशा गाड्याही उलटल्या आहेत. म्हणून अशा भागात रस्ता तपासणे आणि पायी जाणे हीच पोलिसांची पहिली शिस्त असते.

हेच सामान जिथे सुरुंग नाहीत, जंगल नाही आणि वर्षातली सर्वांत मोठी गर्दी जत्रेची असते अशा गावी गेले, तर प्रश्न विचारायला हवा. अमेरिकेत न्यू हॅम्पशर राज्यातल्या कीन या छोट्या शहराने चिलखती गाडीसाठी केंद्रीय अनुदानाचा अर्ज केला, तेव्हा कारणांत गावातल्या भोपळ्याच्या उत्सवाचा उल्लेख केला होता. आपल्याकडेही मागणीपत्रात ‘कायदा व सुव्यवस्थेच्या दृष्टीने आवश्यक’ एवढे एकच वाक्य पुरते की ठोस कारण लिहिले जाते, हे नागरिकांनी पाहण्यासारखे आहे.

गर्दी पांगवण्याबाबत कायदा स्पष्ट आहे. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४८नुसार बेकायदा जमावाला पांगण्याचा आदेश कार्यकारी दंडाधिकारी किंवा ठाण्याचा प्रभारी अधिकारी देऊ शकतो. प्रभारी नसेल तर उपनिरीक्षक किंवा त्याहून वरच्या दर्जाचा अधिकारी देऊ शकतो. लष्कराला बोलावण्याची तरतूद वेगळी आहे, कलम १४९मध्ये, आणि तो अधिकार जिल्हा दंडाधिकाऱ्यांचा किंवा त्यांनी अधिकृत केलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्याचा आहे. ठिपक्यांच्या गणवेशातला, डोक्यावर शिरस्त्राण घातलेला माणूस लष्करी दिसतो म्हणून तो लष्कराचा असतोच असे नाही. तो राज्य राखीव दलाचा, केंद्रीय राखीव पोलीस दलाचा किंवा जिल्ह्याच्या शीघ्र कृती पथकाचाही असू शकतो. तक्रार करायची वेळ आली तर हा फरक महत्त्वाचा ठरतो, कारण जबाबदार कार्यालय बदलते.

तुमच्या ठाण्यात तुम्हाला काय दिसायला हवे?

शस्त्रागार तुम्हाला दाखवणार नाहीत, आणि ते योग्यच आहे. पण काही वस्तू तुमच्या डोळ्यांसमोर असायला हव्यात. पहिली वस्तू म्हणजे कॅमेरे. २ डिसेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने परमवीर सिंग सैनी खटल्यात आदेश दिला की प्रत्येक ठाण्यात प्रवेशद्वारे, कोठडी, बोळ, स्वागतकक्ष, व्हरांडा अशा सर्व जागी आवाजासह चित्रण करणारे, रात्री दिसणारे कॅमेरे हवेत. चित्रण १८ महिने जपायचे. तेवढ्या क्षमतेची यंत्रणा बाजारात मिळत नसेल, तर मिळेल तितकी जास्त, पण एका वर्षापेक्षा कमी चालणार नाही. ठाण्यात कॅमेरे असल्याचे फलक इंग्रजी, हिंदी आणि स्थानिक भाषेत लावायचे आहेत. ठाण्यात तुमच्यावर किंवा तुमच्या माणसावर बळजबरी झाली, तर त्या वेळचे चित्रण जपून ठेवण्याची मागणी करण्याचा हक्क तुम्हाला आहे. ती लेखी करा, तारीख-वेळ लिहा आणि लवकर करा. ‘कॅमेरा त्या दिवशी बंद होता’ हे उत्तर आले, तर तेही लेखी मागा.

दुसरी वस्तू महिला मदत कक्ष. निर्भया निधीतून देशातील १०,००० ठाण्यांत असे कक्ष उभे करण्यासाठी १०० कोटी रुपये मंजूर झाले होते, म्हणजे ठाण्यामागे एक लाख. रक्कम लहान आहे, पण एक टेबल, एक महिला अंमलदार आणि आडोसा एवढ्यानेही तक्रार द्यायला आलेल्या बाईचा दिवस बदलतो. तुमच्या ठाण्यात हा कक्ष फक्त पाटीपुरता आहे की तिथे कोणी बसते, हे पाहायला तज्ज्ञ लागत नाही.

माहिती कशी मागायची?

माहितीचा अधिकार अधिनियम, २००५खाली जिल्हा पोलीस अधीक्षक कार्यालयाच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे अर्ज करा. महाराष्ट्रात अर्जाचे शुल्क १० रुपये आहे आणि ते कोर्ट फी स्टॅम्प लावून भरता येते. दारिद्र्यरेषेखालील अर्जदारांना दाखला जोडल्यास शुल्क नाही. महाराष्ट्राच्या नियमांत एक अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आतला असावा लागतो. इतर राज्यांत शुल्क आणि नियम वेगळे असू शकतात, म्हणून आधी तिथले नियम पाहा. उत्तर ३० दिवसांत यायला हवे. न आल्यास किंवा अपुरे आल्यास ३० दिवसांत पहिले अपील त्याच कार्यालयातील वरिष्ठाकडे, त्यानंतर ९० दिवसांत दुसरे अपील माहिती आयोगाकडे.

प्रश्न कसा विचारता यावर सगळे अवलंबून असते. ‘आमच्या ठाण्यात किती रायफली आहेत आणि त्या कुठे ठेवल्या आहेत’ असे विचारलेत, तर सुरक्षेच्या कारणाने नकार येईल, कलम ८ त्याची मुभा देते. त्याऐवजी हिशेब विचारा. गेल्या तीन आर्थिक वर्षांत आधुनिकीकरण योजनेतून जिल्ह्याला शीर्षवार किती निधी मंजूर झाला, किती मिळाला, किती खर्च झाला. विनियोग दाखल्यांच्या प्रती द्या. ठाण्यातील कॅमेऱ्यांची संख्या, ते बंद पडल्याच्या नोंदी आणि दुरुस्तीचा खर्च द्या. अशा अर्जाला सरसकट नकार देणे कठीण जाते. काही भाग गोपनीय निघाला तरी कलम १०नुसार तो वगळून उरलेली माहिती द्यावी लागते. राज्य सरकारे काही गुप्तवार्ता आणि सुरक्षा शाखांना अधिसूचनेने या कायद्यातून सूट देतात. पण भ्रष्टाचाराच्या आणि मानवी हक्कभंगाच्या आरोपांशी संबंधित माहिती त्या सुटीतही येत नाही.

अर्ज देताना ठाण्याशी भांडण असल्यासारखी भाषा वापरू नका. ठाण्यातल्या शिपायालाही अनेकदा तेच हवे असते जे तुम्हाला हवे आहे, म्हणजे चालणारी गाडी आणि अंगाला बसणारे चिलखत.

इजा झाली, माणूस गेला, तर

ही योजना व्यक्तीला पैसे देत नाही, पण तिच्या शेजारच्या काही योजना देतात. दहशतवादी, जातीय किंवा नक्षली हिंसाचार, सीमेपलीकडून गोळीबार किंवा भारतीय हद्दीतील सुरुंगस्फोट यांत सामान्य नागरिकाचा मृत्यू झाला किंवा त्याला ५० टक्के वा अधिक कायमचे अपंगत्व आले, तर केंद्राच्या योजनेतून ५ लाख रुपये मिळतात. २४ ऑगस्ट २०१६ आणि त्यानंतरच्या घटनांना ही रक्कम लागू आहे, त्याआधी ती ३ लाख होती. मागणी जिल्हाधिकारी कार्यालयात करायची. गुन्ह्यातील पीडितांसाठी प्रत्येक राज्याची भरपाई योजना आहे. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९६खालील ही भरपाई जिल्हा विधी सेवा प्राधिकरणातून मिळते. तिथला सल्ला आणि पात्र व्यक्तींना वकील मोफत असतो.

पोलिसांनी बळाचा गैरवापर केल्याची तक्रार अधीक्षकांकडे, राज्य मानवी हक्क आयोगाकडे आणि राज्यात असल्यास पोलीस तक्रार प्राधिकरणाकडे करता येते. अशी प्राधिकरणे राज्य आणि जिल्हा पातळीवर स्थापन करण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने प्रकाश सिंग खटल्यात २२ सप्टेंबर २००६ रोजी दिला. सर्व राज्यांनी तो सारखा पाळलेला नाही. महाराष्ट्रात राज्य पोलीस तक्रार प्राधिकरण आहे.

मग लष्कराचे जुने सामान जाते कुठे?

केंद्र सरकारच्या सामान्य वित्तीय नियमांनुसार निरुपयोगी ठरलेल्या, २ लाख रुपयांहून जास्त किमतीच्या वस्तू जाहीर निविदेने किंवा लिलावाने विकायच्या असतात. पोलाद मंत्रालयाखालील एमएसटीसी ही कंपनी असे लिलाव ऑनलाइन घेते. शस्त्रे आणि दारूगोळा यांतून सामान्य माणसाला विकले जात नाहीत. गाड्या विकल्या जातात. लष्करी जिप्सी लिलावात घेऊन रस्त्यावर आणणारे लोक तुम्ही पाहिले असतील. माजी सैनिकांसाठी, तसेच सेवेत असताना मृत्यू पावलेल्या सैनिकांच्या पत्नींसाठी जुन्या लष्करी गाड्या वाटण्याची वेगळी योजना पुनर्वसन महासंचालनालयाकडे आहे. तिची चौकशी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात करा. अशी गाडी परिवहन कार्यालयात नोंदवताना नमुना २० मध्ये ती माजी लष्करी गाडी असल्याचे लिहावे लागते आणि लष्करी अधिकाऱ्यांनी दिलेला मूळ विक्री दाखला नमुना २१ मध्ये जोडावा लागतो. तो दाखला नसेल, तर गाडी कितीही स्वस्त असली तरी तिची नोंदणी अडेल. ‘मी फौजी आहे, बदली झाली, गाडी स्वस्तात देतो, आधी वाहतुकीचे पैसे पाठवा’ असा फोन आला तर पैसे पाठवू नका. पाठवले गेले असतील तर लगेच १९३० या सायबर मदत क्रमांकावर कळवा, पहिले काही तास महत्त्वाचे असतात.

पोलिसांच्या स्वतःच्या जुन्या गाड्यांचे वेगळे आहे. १ एप्रिल २०२३पासून १५ वर्षांहून जुन्या सरकारी गाड्यांची नोंदणी नूतनीकरण होत नाही, त्या नोंदणीकृत भंगार केंद्रात जातात. संरक्षण आणि कायदा-सुव्यवस्थेच्या कामातली चिलखती आणि विशेष वाहने या नियमातून वगळली आहेत. म्हणून ठाण्याची जुनी जीप जाते आणि चिलखती गाडी मात्र राहते.

सर्वांत धोक्याचे जुने सामान असते ते दारूगोळ्याचे. २० नोव्हेंबर २०१८ रोजी वर्धा जिल्ह्यात पुलगावच्या दारूगोळा भांडाराजवळ जुनी स्फोटके निकामी करताना स्फोट झाला आणि सहा जण गेले. त्यांतले बहुतेक आसपासच्या गावांतून आलेले मजूर होते. गोळीबाराच्या मैदानाजवळची माणसे पितळ आणि लोखंड वेचायला जातात, ते दोन पैसे मिळतात म्हणून. न फुटलेला गोळा गंजलेला दिसला तरी जिवंत असू शकतो. तो उचलू नका, ठोकू नका, घरी आणू नका, भंगारवाल्याला देऊ नका. जागेची खूण करून मुलांना दूर ठेवा आणि ११२ला फोन करा. अशा कामावर कंत्राटदारामार्फत गेलेल्या मजुराला इजा झाली आणि कंत्राटदाराने हात वर केले, तरी कामगार भरपाईचा दावा ज्याचे काम चालू होते त्या मूळ मालकावर करता येतो. त्यासाठी हजेरीचा कागद, गेट पास, सोबतच्या मजुरांची नावे आणि रुग्णालयाचे कागद जपून ठेवा आणि जिल्ह्याच्या कामगार कार्यालयात किंवा विधी सेवा प्राधिकरणात घेऊन जा.